पाच मिनिटांचं लोखंड

संपाच्या पहिल्या चार महिन्यांत अण्णांचे कपडे घरातच वाळायचे. बजाजनगरात आमच्या दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यापुढं दोरी. त्या दोरीवर आईच्या साड्या, माझे ड्रेस, चादरी असं सगळं उन्हात पडलेलं असायचं, पण अण्णांचा कंपनीचा निळा शर्ट आणि निळी पँट मात्र आतल्या खोलीत कॉटच्या वर बांधलेल्या सुतळीवर, पंख्याखाली. जाड कापड लवकर वाळत नसे. त्याचा ओलसर वास आणि त्यात मुरलेल्या मशीनच्या तेलाचा वास अभ्यासाच्या पुस्तकांनासुद्धा लागला होता. कारण सरळ होतं. कंपनीत संप होता, गेटला कुलूप होतं, आणि माझे वडील कामावर जात होते.

कंपनीनं काही मशीनं गुपचूप चिकलठाण्याकडच्या एका शेडमध्ये नेऊन बसवली होती आणि निवडक चार-पाच कारागिरांना तिथं बोलावलं होतं. अण्णा लेथवर काम करणारे टर्नर. फिरत्या लोखंडाला हत्यार लावून ते बरोबर मापात उतरवायचं, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं वाळूजमध्ये कोणी नव्हतं असं ते स्वतःच सांगायचे. रोज सकाळी पांढरा शर्ट घालून, पिशवीत डबा आणि डब्याखाली निळे कपडे ठेवून ते शहराच्या बसला जात. औरंगपुऱ्यात त्यांच्या मावसभावाचं कापडाचं दुकान होतं, तिथं गल्ल्यावर बसायला जातो अशी गल्लीत थाप. घरात पैशाची अगदी ओढाताण होती म्हणून गेले असते तर मी समजून घेतलं असतं. पण तसं नव्हतं. त्यांना रिकामं बसवत नव्हतं, संप त्यांना आवडत नव्हता, आणि साहेबांनी 'तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही' म्हटलेलं त्यांना फार आवडलं होतं. मला त्यांचा राग होता, आणि तो लपवायची मला गरजही वाटत नव्हती. आमचं बोलणं मीठ दे, दार लाव, एवढ्यावर आलेलं होतं.

हे बाहेर कळलं असतं तर काय झालं असतं, तेही आम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्याच महिन्यात मागच्या गल्लीतला एक माणूस असाच सापडला. त्याच्या तोंडाला काळं फासून गेटपासून घरापर्यंत चालवत आणलं, आणि आठवड्याच्या आत त्या कुटुंबानं खोली सोडली. काळं फासणाऱ्यांत पुढं होते आमचे शेजारी उत्तमकाका. युनियनचे पुढारी, आवाज भरदार, मन साफ. त्यांची बायको मंदामावशी रोज आमच्या ओट्यावर येऊन बसायची. पूर्वी कंपनीच्या भोंग्यावर आमचा दिवस चालायचा. संपात भोंगा बंद झाला आणि त्याच्या जागी गेटसमोरच्या मांडवातला कर्णा आला. दिवसभर घोषणा, भाषणं, मध्येच भजन. त्या आवाजात आई दार लावून फोडणी द्यायची. होय, दार लावून. एवढ्या लांबलेल्या संपात लोकांच्या घरी पिठलं-भाकरीवर भागत असताना आमच्याकडं येसराची आमटी उकळतेय, तिच्यावर लाल तवंग आहे, हे शेजारी कळायला नको म्हणून. धपाटे केले तर चार मंदामावशीकडं जायचे, आणि ते देताना आई तिच्याकडं न बघता देई. मावशी म्हणायची, "तुज्या हाताला लई चव हाय बाई." आई घाईनं आत यायची आणि उगीच भांडी आपटायची.

अशा घरात मी चित्रपट काढायला निघाले. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दुपारी औरंगपुऱ्यातल्या रशीदभाईंच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम चिकटवत बसायचे. अण्णांना मी तिथं जाते तेही खपत नव्हतं. शहरातल्या एका हौशी चित्रपट मंडळानं स्पर्धा ठेवली होती: चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत येईल त्या विषयावर तीन दिवसांत पाच मिनिटांचा चित्रपट, एकच कॅसेट, आणि नंतर कापाकापी नाही, जसं काढाल त्या क्रमानं दाखवायचं. आता याला सगळे चॅलेंज म्हणतात आणि मला परीक्षक म्हणून बोलावतात. खिशातून फोन काढून मुलं शंभर वेळा तेच काढतात, मग घरी जाऊन त्याला गाणं चिकटवतात आणि मला विचारतात, मॅडम, कसं वाटलं? मी खरं सांगते, त्यामुळं पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी बोलावतात. असो. मंडळाच्या खोलीत सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलल्या. कोणाला 'पाणी' आलं, कोणाला 'रस्ता'. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: लोखंड.

रशीदभाईंनी लग्नाचा मोठा कॅमेरा दिला, खांद्यावर ठेवायचा, त्या वेळी माझ्या निम्म्या वजनाचा. देताना म्हणाले, "देख बेटी, ये मेरी रोजी है. गिराई तो मेरे कू मूं दिखाने नक्को आना." मी तो बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणला. अण्णांनी जेवता जेवता एकदाच वर पाहिलं.

"हे काय खांद्यावर घेऊन फिरायलीस? वराती काढायच्यात का?"

"स्पर्धा आहे. लोखंडावर काढायचंय."

"लोखंड काय असतंय ते तुला काय माहीत?" असं म्हणून त्यांनी ताटात हात धुतला. मला त्यांच्या त्या हात धुण्याचाही राग आला, हे आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आला.

पहिल्या दिवशी मी बंद गेट काढलं, गेटचं कुलूप, भाकरीचा तवा, विळी, बादलीच्या कडीचा आवाज. रशीदभाईंच्या टीव्हीवर लावून बघितलं तर सगळं मेलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आले, निळे कपडे मोरीत टाकले, आणि आई नेहमीच्या कामाला बसली. टर्नरच्या कपड्यांत लोखंडाचा कीस अडकून येतो. केसाएवढे बारीक, पात्यासारखे तुकडे. शिवणीत, खिशात, बाहीच्या दुमडीत. तसेच धुवायला घेतले की हात फाटतात. आईचं एक बोट त्यानं पिकलं होतं, तेव्हापासून अण्णांनी फुटक्या कर्ण्यातलं लोहचुंबक तिला आणून दिलं होतं. ती ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायची आणि शर्टावरून हळूहळू फिरवायची. कीस उडून उडून चुंबकाला चिकटायचा, त्याला काटेच काटे फुटायचे. मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की सगळा कीस भुरभुर कागदावर पडायचा. बजाजनगरात टर्नरच्या घराघरात हेच चालायचं. मी जन्मभर ते बघत आले होते आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितलं. हेच लोखंड, म्हटलं. याच्यापुढं तवा आणि कुलूप काय आहे!

आईला सांगितलं तर ती घाबरली. "काय बी दाखव, हे नगं. कळंल कोणाला."

मी तिला समजावलं की चेहरा येणार नाही, घर येणार नाही, खिशावरचं कंपनीचं नाव येणार नाही, फक्त हात आणि कापड येईल. ती म्हणाली, मग संपाआधीची जुनी पँट पोत्यात पडली आहे, ती घे. मी घेतली. त्या पँटच्या दुमडीतून निघालेला कीस तांबडा झालेला होता, गंजून पार भुकटी झालेला. चुंबकावर तो चिकटला तो लाल मातीसारखा. मी तो काढला, पुन्हा काढला, खिडकी उघडून काढला. त्यात जीव नव्हता. आणि मोरीत त्या दिवशीचा शर्ट पडलेला होता, ज्यातला कीस चांदीसारखा झळकत होता, काही तुकड्यांवर तापल्याची निळी झाक. तिसऱ्या दिवशी मी आईच्या मागंच लागले. जेवले नाही. शेवटी ती म्हणाली, "कर बाई तुज्या मनासारकं," आणि ताज्या शर्टावरून चुंबक फिरवायला बसली. मी कॅसेट मागं घेऊन लाल किसावरच हे काढलं, दोन मिनिटं कॅमेरा हलू दिला नाही. तिचे हात, हिरव्या बांगड्या, कापडाचा खसखस आवाज, आणि ते चमकतं लोखंड कापडातून उठून येतंय. आजवर मी खूप काही काढलं, लग्नं काढली, सरकारी माहितीपट काढले, पण त्या दोन मिनिटांइतकं चांगलं काही काढलं नाही. हे मी अभिमानानं लिहीत नाही, पण खोटंही लिहीत नाही.

मला पहिला नंबर मिळाला. शहरातल्या परीक्षकांनी त्या हातांवर, त्या चमकेवर बरंच बोलून घेतलं, आणि त्यांच्यापैकी कोणालाही आपण काय बघितलं ते कळलं नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. घरी आईला म्हटलं, बघ, काही झालं का? पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, बजाजनगरातल्या कामगाराच्या मुलीचा चित्रपट, विषय लोखंड, आणि उत्तमकाका ते पान नाचवत ओट्यावर आले. "नंदे, अगं तू तर आपलं नाव काढलंस! हे आपल्या बायामाणसांना दाखवायचं. चार महिने झाले, सगळे खचायलेत. आपलं लोखंड, आपली पोर!" अण्णा आत होते. ते बाहेर आले, म्हणाले, "कशाला उगं? पोरखेळ हाय." काका म्हणाले, "तू गप रे, तुला कवतिक नाय लेकीचं." अण्णांना नको म्हणायचं होतं आणि का नको ते सांगता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणू शकले असते. कॅसेट परत केली, बिघडली, काहीही. पण बजाजनगरनं माझा चित्रपट बघावा असं मला वाटत होतं, मनापासून वाटत होतं, आणि मी काकांना म्हटलं, कॅसेट माझ्याकडंच आहे.

रविवारी दुपारी चार वाजता समाजमंदिरात खिडक्यांना चादरी लावून टीव्ही मांडला. पुढं सतरंजीवर बायका, मागं पुरुष. आई बायकांत कडेला बसली. अण्णा आले नव्हते. गेट दिसलं तेव्हा लोकांनी घोषणा दिली, कुलूप दिसलं तेव्हा शिव्या. तवा दिसला तेव्हा बायका हसल्या. मग चुंबक आलं, आणि सगळ्या बायकांच्या तोंडून एकदमच "अगंऽ" निघालं. आपलं रोजचं काम टीव्हीवर बघून त्या खुळ्यासारख्या खूश झाल्या होत्या. एक जण दुसरीला कोपर मारत होती. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग हसणं पुढून मागं हळूहळू थांबत गेलं. का ते मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मंदामावशी बोलत होती, टीव्हीकडंच बघत.

"हा कीस ताजा हाय."

उत्तमकाका पुढं आले, त्यांनी कॅसेट मागं घ्यायला लावली आणि चुंबक भरलेलं असताना चित्र थांबवायला सांगितलं. थांबलेलं चित्र पडद्यावर थरथरत राहिलं. चार महिने ज्या गल्लीत एकाही मशीनला हात लागलेला नव्हता, तिथल्या एका शर्टावर कालचं लोखंड. शहरातल्या परीक्षकांना जे दिसलं नाही ते इथल्या प्रत्येक बाईला दिसलं होतं, कारण जुना कीस लाल होतो हे तिच्या हातांना माहीत होतं. एवढी साधी गोष्ट मीच कशी विसरले? विसरले नव्हते. लाल कीस नको म्हणून तर मी दुसरा घेतला होता. तो कोणाला काय सांगेल, तेवढं मी डोक्यात येऊ दिलं नाही.

मागून एक जण ओरडला, "विचारा तिला, कोणाचा शर्ट हाय!" लोक उठायला लागले. उत्तमकाकांनी हात वर करून त्यांना बसवलं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, मी लहान असताना बसायचे तसे, आणि हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"बाळ, पिक्चरमध्ये करतेत तसं तू काय केलंस का? जुन्या किसाला तेल-बिल लावलंस का, चमकावा म्हणून? लावलं असंल तर लावलं म्हण. विषय संपला."

त्यांना कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांतच दिसत होतं. अण्णा आणि ते दहा वर्षं एका लाइनीत शेजारच्या मशीनवर उभे राहिले होते, आणि त्या माणसानं, ज्यानं दुसऱ्याच्या तोंडाला काळं फासलं होतं, त्यानं आपल्या मित्रासाठी सगळ्या गल्लीसमोर एक वाट काढून दिली होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. आई माझ्याकडं बघत होती, तिची मान जवळजवळ हो म्हणत हलत होती. मला वाटलं, तेल? माझी ती दोन मिनिटं, जेवण सोडून, श्वास रोखून काढलेली, आणि यांनी घरोघर सांगायचं की पोरीनं तेल लावून फसवलं?

"मी काही लावलं नाही," मी म्हणाले. "जे होतं तेच काढलंय."

त्यानंतर काका उठले आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले. आई माझ्याआधी घरी पोचली होती. अण्णांना काळं फासलं नाही. ते बहुतेक काकांनीच होऊ दिलं नसावं. पण संध्याकाळी उजेड असतानाच पन्नासेक बायका आल्या आणि त्यांनी आमच्या ओट्यावर बांगड्या आणून टाकल्या, भर तुझ्या हातात म्हणत, अण्णांचं नाव घेऊन शिव्या देत. सगळ्यांच्या पुढं मंदामावशी होती. तिनं टाकलेल्या बांगड्या हिरव्या होत्या, आईच्या हातात होत्या तशाच. अण्णा दारात उभे राहिले, आत गेले नाहीत. शेवटची बाई जाईपर्यंत उभे राहिले. मग आईनं खराट्यानं ती काच गोळा केली. अण्णा मला एवढंच म्हणाले, "उत्तमनं तुला वाट दिली व्हती." मी म्हटलं, "तुम्ही गेलाच नसता तर?" ते म्हणाले, "ते बी खरंच हाय," आणि जेवायला बसले.

संप पुढं महिनाभरात मिटला, कोण जिंकलं ते कोणालाच नीट सांगता आलं नाही, आणि सगळे एकाच दिवशी कामावर गेले. अण्णाही गेले. त्यांच्याशी कोणी बोललं नाही. मला वाटलं, दोन महिने, फार तर वर्ष. त्यांना मशीनवर चहा कोणी आणून देत नसे, डबा खायला ते एकटे बसत, आणि हे ती नोकरी संपेपर्यंत चाललं. आमची खोली सोडायला ते तयार झाले नाहीत. मंदामावशीच्या ओट्यापासून आमचा ओटा चार हातांवर होता. त्या चार हातांतून आई रोज नळावर जायची आणि मावशी तोंड फिरवायची. मी लग्न करून दुसऱ्या गावी गेले, माझं काम चालू झालं, लोक मला मॅडम म्हणू लागले.

अण्णांच्या निवृत्तीच्या दिवशी मी माहेरी आले होते. आमच्याकडं पद्धत अशी की निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटच्या पाळीनंतर लाइनीतले सगळे जण हार घालून, ताशा लावून घरापर्यंत पोचवायला येतात. गल्लीत आधी ताशाचा आवाज येतो, मग गुलालानं माखलेला माणूस. त्या दिवशी पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि ताशा वाजला नाही. अर्ध्या तासानं अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले, एकटे, चालत. गळ्यात झेंडूचा मोठा हार होता. ते हळू चालत होते, प्रत्येक दारासमोरून, मान वर करून. मंदामावशी ओट्यावर गहू निवडत होती, ती उठून आत गेली. आईनं त्यांना ओवाळलं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, आणि डबा काढताना मला आत केळीचं पान आणि दोरा दिसला. हार फुलवाल्यानं बांधून दिला होता त्याचा. तो अण्णांनी स्वतःच विकत घेतला होता.

अण्णांनी मला पान बघताना पाहिलं. ते ओट्यावरच्या खुर्चीत बसले, हार नीट केला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कॅमेरा आण. काढ माजं. तुला खरं दाखवायचं असतंय ना? मग हे दाखव."

कॅमेरा आतल्या खोलीत, कॉटवर उघडा पडलेला होता.

"मी या वेळी आणला नाही, अण्णा," मी म्हणाले.